कोणगाठ

दर बुधवारी चार वाजता शैलजा कारंडे सांगलीतल्या एका पिवळ्या इमारतीत जायच्या, एका माणसाशी तासभर मनातलं सगळं बोलायच्या, आणि पाच वाजता बाहेर पडताना तो माणूस कोण होता हे त्यांना सांगता यायचं नाही. बाई की पुरुष, म्हातारं की तरुण, काही म्हणजे काही नाही. बोलणं मात्र शब्दन् शब्द आठवायचं. हे दोन वर्षं चाललं होतं आणि त्यात कुणालाच नवल वाटत नव्हतं. गावातले चार-पाच हजार लोक तेच करत होते. मंडईत एकाच ढिगातली वांगी निवडणारे दोघे कालच एकमेकांपाशी ढसाढसा रडले असतील, अशी शक्यता सगळ्यांनी गृहीत धरली होती.

इमारतीवर पाटी होती, 'अनोळख केंद्र'. शैलजाताई तिथे हौसेने गेल्या नव्हत्या. त्या नाटकांचे पडदे रंगवत. यंत्रं रंगमंचावर हवं ते दृश्य प्रकाशाने उभं करू लागल्यावर हाताने रंगवलेला पडदा ही हौसेची चीज झाली, आणि हौशी लोकांची आपल्याकडे कमी नसल्यामुळे त्यांना काम कधी कमी पडलं नाही. कमी पडलं ते डोकं. सहा वर्षं त्या तोच राजवाडा आणि तेच जंगल रंगवत होत्या. शेवटी एक तरुण दिग्दर्शक म्हणाला, "ताई, या वडाला मी ओळखतो. माझ्या मागच्या तीन नाटकांत होता." त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन ब्रश धुतले आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात नाव घातलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. मुक्ता हेर्लेकर. वय चाळिशीचं, बोलणं तडतडीत. नव्या माणसाला सगळं स्वतः समजावून सांगायचा त्यांचा नेम होता.

"समजा, शेजारणीने तुम्हाला सांगितलं की सून भांडते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेंदूत दोन नोंदी होतात. काय सांगितलं ती एकीकडे, कोणी सांगितलं ती दुसरीकडे. आणि दोन्हींना बांधणारी एक गाठ पडते. आम्ही तिला कर्तृबंध म्हणतो. लोक कोणगाठ म्हणतात, तेच बरं आहे. ही गाठ पक्की व्हायला दीडेक तास लागतो. खोलीत आम्ही एक वाफ सोडतो. निर्नाम तिचं नाव. ती ही गाठ बसूच देत नाही. 'काय' राहतं, 'कोण' गळून पडतं."

"मग ते मला कुणाच्या आवाजात आठवणार?"

"तुमच्याच. बिनमालकीचं वाक्य मेंदूला सहन होत नाही. तो ते आपल्याच आवाजात वाचतो."

"आणि ती सून? ती कुणाची म्हणून आठवेल?"

डॉक्टर हसल्या. "पहिल्याच दिवशी हे विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. सून राहील, भांडण राहील. कुणाची, ते नाही सांगता यायचं. खोलीत ज्या ज्या माणसाचा विषय निघेल त्याचं 'कोण' सैल होतं. म्हणून करारात लिहिलंय, आतलं बाहेर कुणाच्या नावावर सांगायचं नाही. आणि अंदाज बांधायचा नाही. अंदाज चुकतो."

"पण याने मला पडदे कसे सुचणार?"

"ओळखीच्या माणसाचं पुढचं वाक्य तुमचा मेंदू आधीच रचून ठेवतो. कान फक्त खातरजमा करतात. नवऱ्याचं बोलणं शेवटचं कधी नीट ऐकलंत?"

"ते जाऊन नऊ वर्षं झाली."

"बरं, असते तरी ऐकलं नसतंत. परक्याचं वाक्य आधी रचता येत नाही. तिथे मेंदूला खरोखर ऐकावं लागतं. आणि खरोखर ऐकणाऱ्या मेंदूला सुचतं. यात जादू काही नाही."

केंद्राचा पहिला नियम होता, दर वेळी नवा माणूस. पुढे असं दिसलं की काही जोड्यांचं बोलणं विलक्षण लागतं. दोघेही दर वेळी एकमेकांना पहिल्यांदाच भेटतात, पण मागचा विषय कुणीतरी काढतं आणि दुसऱ्याला तो ठाऊक असतो. अशा जोड्या केंद्र तोडत नसे. चौथ्याच महिन्यात खिडकीवरच्या कारकुनाने शैलजाताईंना सांगितलं, "तुमची जोडी लागली." त्या लाजल्या. छप्पन्नाव्या वर्षी असं वाक्य ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या माणसाचं बोलणं त्यांच्याजवळ साठत गेलं. दारात सोनचाफा आहे, तो शेजारच्या कुंपणात फुलं टाकतो, आणि आपल्याच झाडाची फुलं शेजारी देवाला वाहतात ते खिडकीतून बघत बसावं लागतं. घरात सगळं चांगलं आहे, आणि हीच तक्रार आहे, कारण चांगल्याबद्दल तक्रार ऐकून कोण घेणार. आणि एकदा ती खोली.

"एक खोली हवी आहे. समुद्राजवळ असली तर बरं, नसली तरी चालेल. एक खाट, एक खिडकी, एक कप. दोन कप नकोत, दुसरा असला की कुणीतरी येतं. दार आतून लावायचं आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. एकच वर्ष. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही."

शैलजाताईंनी ती खोली रंगवली. वीस फुटी पडद्यावर खाट, खिडकी आणि कट्ट्यावर एक कप. नाटक बेताचंच होतं, पण दर्शनी पडदा वर जाऊन ती खोली दिसली की प्रेक्षागृह क्षणभर गप्प होई. लोक नाटक विसरले आणि खोलीबद्दल बोलत राहिले. त्यानंतर शैलजाताईंना राजवाडा कधीच रंगवावा लागला नाही. रोज सकाळी उठून ब्रश हातात घ्यावासा वाटतो, याचंच त्यांना अप्रूप होतं. त्या माणसावर त्यांचा जीव जडला होता असं म्हणायला हरकत नाही. कुणावर, एवढंच ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास खोलीत एक वाक्य आलं. "डॉक्टर म्हणाले, दिवाळी दिसेल. पुढचं विचारू नका."

मार्गशीर्षात कारकुनाने सांगितलं, "ताई, तुमची जोडी सुटली."

शैलजाताई तडक डॉ. हेर्लेकरांच्या खोलीत शिरल्या.

"जोडी तीन कारणांनी सुटते," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस गाव सोडतो, केंद्र सोडतो, किंवा..."

"तिसरंच आहे. मला माहीत आहे. नाव सांगा."

"माझ्याकडेच नाव नाही. इथे नुसते क्रमांक असतात, आणि तेही जोडी सुटली की पुसतात. मी नवी जोडी लावून देते."

"छत्री हरवली तर नवी द्याल तसं?" शैलजाताईंचा आवाज चढला. "माझं माणूस गेलंय, डॉक्टर. सुतक कुणाचं धरू एवढं तरी कळू द्या मला."

डॉ. हेर्लेकरांच्या शास्त्रात या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि नसलेलं उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती. "अंदाज मात्र बांधू नका," एवढं त्यांनी परत सांगितलं.

शैलजाताई रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचू लागल्या. पत्ता असेल तिथे जाऊन बाहेरूनच घर बघून येत. दोन घरांपुढे नुसतं सिमेंट होतं. तिसऱ्या घरापुढे सोनचाफा होता. अर्धं झाड शेजारच्या कुंपणात झुकलेलं, खाली फुलांचा सडा, आणि शेजारची बाई परडीत फुलं वेचत होती. फाटकावर पाटी, 'दिनकर शिंत्रे, भूगोल शिक्षक (निवृत्त)'. शैलजाताई फाटकाला धरून उभ्या राहिल्या. अखेर रडायला एक नाव मिळालं होतं.

दहाव्याला त्या घाटावर गेल्या.

मेंदूतली गाठ सोडवायला शिकलेल्या त्या काळातही दहावा होताच. नदीकाठी भाताचा पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरली नाही असं मानायचं. नाही शिवला, तर जवळच्यांनी पुढे होऊन, काय राहिलं असेल ते ओळखून वचन द्यायचं. शिंत्र्यांचा कावळा पिंपळावर बसून होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता.

"बाबा, आईला काही कमी पडू देणार नाही," थोरला मुलगा म्हणाला. कावळा हलला नाही.

"बाबा, घर विकणार नाही," धाकटा म्हणाला.

"तुमचे नकाशे मी नीट ठेवीन हो," मुलगी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

तास होऊन गेला. ऊन चढलं. मास्तरांच्या पत्नी निर्मलाबाई पायरीवर खाली मान घालून बसल्या होत्या. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून शिवून घ्यायची तयारी चालवली. खरा येत नसला की तसं करतात. शैलजाताईंना ते बघवेना. या माणसाची इच्छा काय होती हे अख्ख्या घाटावर फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि त्याची बोळवण गवताच्या कावळ्यावर होणार होती. करारबिरार त्या विसरल्या. पुढे झाल्या आणि हात जोडले.

"तुम्हाला एक खोली हवी होती," त्या मोठ्याने म्हणाल्या. "एक खाट, एक खिडकी, एक कप. घरातल्या सगळ्यांपासून दूर. दार आतून लावून बसायचं होतं, कुणी हाका मारल्या तरी ओ द्यायची नव्हती. आता जा. आता कुणी हाक मारणार नाही."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

कावळ्याला एव्हाना भूक लागली होती, आणि माणसं बोलणारीकडे बघत पिंडापासून दूर झाली होती, हे कारण पुरेसं आहे. पण घाटावर कुणी कारण शोधत नव्हतं. मुलीचं रडणं एकदम थांबलं. थोरला मुलगा शैलजाताईंकडे बघत राहिला.

"आमच्यापासून दूर?" तो म्हणाला. "बाबांना?"

शैलजाताई मागे सरल्या आणि खालच्या पायऱ्यांवर पाण्याजवळ जाऊन बसल्या. मन हलकं झालं होतं. आपल्या माणसासाठी आपण काहीतरी केलं, असं त्यांना वाटत होतं.

थोड्या वेळाने शेजारी कुणी येऊन बसलं. निर्मलाबाई होत्या.

"तो एका कपाचा पडदा तुम्ही रंगवलात का हो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या नाटकाला आम्ही दोघं गेलो होतो. हे म्हणाले, असली ओकीबोकी खोली कसली दाखवतात? मी म्हटलं, मला काय माहीत." निर्मलाबाई पाण्याकडे बघत बोलत होत्या. "घरी येईपर्यंत इतकी खूश होते मी. म्हटलं, चला, आपली खोली कुठेतरी आहे तर खरी."

शैलजाताईंना समजायला थोडा वेळ लागला.

"दिवाळी दिसेल म्हणाले होते डॉक्टर..."

"ह्यांच्याबद्दल. दिवाळीनंतर ह्यांना अंथरुणात उठवून बसवायला लागायचं. बुधवार कसला नि काय कसलं. म्हणून सोडलं मी."

"मी सांगते मुलांना," शैलजाताई घाईघाईने म्हणाल्या. "चूक माझी आहे. आत्ता सांगते."

"काय सांगाल? बाबांना नाही, आईला तुम्ही नको होतात?"

वर घाटावर भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"ते मला सोडून एक दिवस राहिले नाहीत," निर्मलाबाई म्हणाल्या. "कोल्हापूरला गेले तरी संध्याकाळी परत. घराबाहेर झोप नाही यायची त्यांना." मग त्या म्हणाल्या, "राहू दे त्यांच्याच नावावर. कावळा शिवलाय, आता मुलं माझंसुद्धा ऐकायची नाहीत. आणि ते सुटले. मला अजून या सगळ्यांत राहायचंय."

शैलजाताईंनी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. उजव्या भुवईपाशी छोटासा व्रण होता. दीड वर्षाहून जास्त दर आठवड्याला समोर असलेला हा चेहरा आता कायमचा लक्षात राहणार होता. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. माफ करा म्हणावं, बुधवारी या म्हणावं. पण प्रत्येक वाक्याला निर्मलाबाई काय म्हणतील हे त्यांना आधीच कळत होतं. निर्मलाबाईंनाही तसंच कळत असावं. दोघी पाण्याकडे बघत बसल्या.

वरून थोरल्याने हाक मारली, "आई!"

निर्मलाबाई हलल्या नाहीत.

"आई, चल ना!"

त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि पदराला पुसली.

"आई!"

"आले रे," निर्मलाबाईंनी ओ दिली, आणि गुडघ्यावर हात टेकून त्या पायऱ्या चढू लागल्या.