डाव्या चाकाचा जॉइंट

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तिच्या तोंडून मी ते तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा त्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

मावशी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. फिल्मवर दिसेल तेवढंच मानणारी बाई. तिने लग्न केलं नाही. आजोबांची किडनी निकामी झाली, तेव्हा आठवड्यातून तीनदा तीच त्यांना डायलिसिसला न्यायची. आपल्या जुन्या गाडीत, डावीकडच्या सीटवर बसवून.

आजोबा गेले आणि घर तिला खायला उठलं.

त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, हॉस्पिटलच्या फाटकातून ती उजवीकडे वळत होती. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला.

कट्... कट्... कट्...

गाडी सरळ रस्त्याला लागली की बंद. पुढचं वळण आलं की पुन्हा...

कट्... कट्...

आवाज डाव्या चाकातून येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी मिस्त्रीकडे नेली. पंधरा वर्षं तोच ही गाडी बघत होता. त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून गॅरेजच्या अंगणात दोन चकरा मारल्या.

"ॲक्सलचा जॉइंट गेलाय, ताई. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ना, तिथला सांधा. साडेसहा हजार होतील."

"एवढे?"

"मजुरीसकट सांगतोय. स्वस्तातला पण मिळतो. पण मग मला शिव्या घालायला येऊ नका."

खिशाला चांगलीच चाट बसली. पण नवा जॉइंट बसला, आवाज गेला, आणि मावशी ते विसरूनही गेली.

आठ महिन्यांनी पुन्हा तोच आवाज.

मिस्त्रीने जॉइंट उघडला आणि चाट पडला. वरचं रबर शाबूत. ग्रीस जागच्या जागी. तरी आतल्या लोखंडी गोळ्या पार झिजलेल्या. मग वाकून त्याने टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हात घातला. त्याची ती जुनी सवय होती, तो फट बोटांनीच मोजायचा.

उजवीकडे चार बोटं.

डावीकडे तीन. तीही मुश्किलीने.

"डावीकडे रोज कोण बसतं?"

"कुणीच नाही."

"कुणीतरी बसतं, ताई. गाडी त्या बाजूला दबलीय."

त्याने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग काढून अदलाबदल करून पाहिल्या. डावीकडची फट तीनच बोटं राहिली.

खरं तर मावशीने तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण तिला आनंद झाला. तिने घासाघीस न करता पैसे दिले. घरी जाताना, रस्ता रिकामा पाहून, ती हळूच म्हणाली, "बाबा... बेल्ट लावलात का?"

उत्तर आलं नाही. पण त्या दिवसापासून गाडीत ती एकटी नव्हती.

ती त्यांना दिवसभराचं सगळं सांगायची. आज कोण रडलं, डॉक्टर कुणावर खेकसले. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, रेडिओ चालू ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, हेही सांगायची. त्यांना वारा आवडायचा म्हणून डावीकडची काच अर्धी खाली ठेवायची. घरी पोचली तरी उतरणं जिवावर यायचं. अंधार पडेपर्यंत ती गाडीतच बसून राहायची.

तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा मिस्त्रीने हत्यारांना हातच लावला नाही. त्याने वाळूच्या पिशव्या आणल्या. एकेक दहा किलोची.

"आज वजनच करू. मी उजवीकडे पिशव्या ठेवत जातो. दोन्हीकडची फट सारखी झाली, की डावीकडे किती वजन आहे ते कळेल."

मावशीने मान हलवली. डायलिसिसच्या आधी आणि नंतर आजोबांचं वजन व्हायचं. प्रत्येक वेळचं तिला पाठ होतं. शेवटचं होतं सेहेचाळीस किलो.

एक पिशवी... दोन... तीन... चार...

पाच.

"बस्स!" मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मिस्त्रीने दोन्हीकडे बोटं घातली. "नाही, ताई. अजून फरक आहे."

सहा...

सात...

आठ...

नववी पिशवी ठेवली, तेव्हा दोन्ही फटी सारख्या झाल्या.

"नव्वद किलो," मिस्त्री म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

मावशीने सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. काच अर्धी खाली होती. बाबा तिथे कधी नव्हतेच. मग इतके महिने आपण कुणाशी बोलत होतो? घराच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, हेसुद्धा तिने सांगून टाकलं होतं.

"भंगारात द्या ही गाडी," मिस्त्री म्हणाला.

मावशीने पर्स उघडली.

"नको. जॉइंट बदला."

"दर आठ महिन्यांनी साडेसहा हजार घालणार?"

"घालीन. गाडी दबलेली असेल तोवर कळेल तरी, की तो गाडीत आहे."

त्यानंतर मावशी गाडीत एक शब्दही बोलली नाही. रोज सकाळी निघण्याआधी ती वाकायची आणि फटीत बोटं घालायची. तीन बोटं भरली, की सुटकेचा निःश्वास टाकून कामावर जायची. इतकं एकटं तिला आजोबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, असं ती मला म्हणाली.

गेल्या मंगळवारी सकाळी...

डावीकडे चार बोटं भरली.

तिने तिथूनच, गाडीपाशी उभं राहून, मला फोन केला. घराचं दार दहा पावलांवर होतं. पर्स घ्यायलासुद्धा ती आत गेली नाही.

आता ती आमच्याकडे आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी आली, तिच्या रोजच्या औषधाच्या गोळ्याही तिकडेच राहिल्यात. कुणीतरी जाऊन त्या आणायला हव्यात. घराची दुसरी किल्ली माझ्याकडेच असते.

आज चौथा दिवस. रोज मी काही ना काही कारण काढतोय.