लिफ्टवाला गेम

रविवारी सकाळी आमच्या धाकट्याचा फोन आला की मी समजून जाते, कुठल्या तरी जुन्या व्हिडिओ गेमवर घोर अन्याय झालेला आहे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, कपाळ डोक्याच्या अर्ध्यापर्यंत गेलेलं, नोकरी विमा कंपनीत आणि उरलेला सगळा वेळ टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या सेवेत. गाजलेल्या गेमच्या वाटेला तो जात नाही. त्याला लागतात ते पडलेले, दुकानात धूळ खाऊन गेलेले, कुणी चुकून घेतलेच तर अर्ध्यावर सोडून दिलेले. त्यांच्यावर तो इंटरनेटवर लांबलचक लेख लिहितो आणि ते लेखही कुणी वाचत नाही. एका गेममध्ये धुक्यात पत्रं वाटायची असतात. दुसऱ्यात रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे असतात. हे का खपले नाहीत, हे कोडं त्याला अजून सुटलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सोडवलं असतं.

"ताई, तुझ्या धंद्यातला गेम मिळालाय," तो म्हणाला. "लिफ्टचा. तू बघायलाच हवंस."

मी लिफ्टची तपासनीस आहे. आठवडाभर लोकांच्या इमारतींत लिफ्टच्या डोक्यावर चढून दोर बघते, तिच्याखालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघते, दारं, ब्रेक, सगळं बघते. सुट्टीच्या दिवशी आणखी एक लिफ्ट बघायची मला अजिबात हौस नव्हती. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, अगं हो, ते राहिलंच. महिनाभर ते राहतच होतं. बाबा त्याच्याकडे असतात. त्याच्या गेमच्या खोलीला लागून त्यांची खोली, मधे नुसता पडदा. धुक्यातल्या पोस्टमनला न्याय मिळवून द्यायला याला वेळ होता आणि पडद्यापलीकडे सख्ख्या बापाचा मोतीबिंदू पिकत चालला होता. मी चपला घातल्या आणि निघाले.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर फळ्या, फळ्यांवर कॅसेटींची चळत, वायरींचा गुंता, आणि मधोमध तो जाडजूड काचेचा टीव्ही. नव्या टीव्हीवर जुने गेम खोटे दिसतात, असं धाकट्याचं म्हणणं. त्याने माझ्या हातात रिमोट दिला. पडद्यावर एक इमारत होती, तिच्या पोटात एक लिफ्ट, आणि मजल्यामजल्यावर उभे असलेले चार-चार ठिपक्यांचे लोक. त्यांना आत घ्यायचं आणि त्यांच्या मजल्यावर सोडायचं. बस. मारामारी नाही, गुण नाहीत, शेवटही नाही म्हणे.

मी पहिल्याच फेरीत चूक काढली. लिफ्ट वर जाताना तिला तोलणारं मागचं वजन खाली यायला हवं. इथे दोन्ही एकदमच वर चालले होते. अशी लिफ्ट माझ्यासमोर आली असती तर मी ती जागच्या जागी सील केली असती. धाकटा वैतागला. म्हणाला, ताई, तू वजनं काय बघतेस, भावना बघ. या गेमकडे कधी कुणी लक्षच दिलं नाही.

तेवढ्यात एका गोष्टीने मला गप्प केलं. एक माणूस आत शिरला आणि लिफ्ट केसभर खाली दबली. खऱ्या लिफ्टमध्ये असंच होतं. माणूस आत आला की दोर ताणतात आणि मजला किंचित बसतो. उभा जन्म लिफ्टने फिरणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाही. माझ्या तळव्यांना मात्र कळतं. ज्याला मागचं वजन कुठे जातं एवढं माहीत नाही, त्याला हे कसं माहीत, हे मला कळेना.

पडदा सरकवून बाबा आले. जन्मभर शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस, घरातही दार वाजवून येणारा. मी बघू का जरा, असं विचारून ते खुर्चीच्या कडेवर बसले. पेपरातलं अक्षर न दिसणाऱ्या माणसाला हे ठिपके काय दिसणार, असं माझ्या मनात आलं. पण त्यांनी रिमोट घेऊन एका बाईला तिसऱ्या मजल्यावर अलगद सोडलं, आणि दार लागताना हळहळले.

"छत्री विसरली बघ ती."

मी टीव्हीला नाक लावून पाहिलं. चार ठिपके होते. छत्री कुठेच नव्हती.

धाकटा हरखून गेला. अखेर कुणीतरी त्या गेमकडे लक्ष दिलं होतं. मग बाबा रोजच खेळायला लागले. मी फोन केला की आवाजात उत्साह असायचा. कोण चढलं, कुणाचा पाय दुखतोय, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं सांगायचे. डॉक्टरचं विचारलं की म्हणायचे, बघू, सध्या कामात आहे. धाकटा म्हणाला, तूच म्हणायचीस ना त्यांच्याशी कुणी बोलत नाही म्हणून. आता खूश आहेत तर तुझं का पोट दुखतंय.  मी फोन ठेवून दिला.

काही दिवसांनी भावजयीचा फोन आला. बाई बँकेत रोखपाल आहे, मोजण्यात कधी चुकत नाही. आवाज रडवेला होता. ताटं घेताना ती पुन्हा पुन्हा बाबांचं विसरत होती. दोघं जेवून उठल्यावर बघते तर बाबा खुर्चीत बसलेले, समोर ताटच नाही. न्हाणीघरातला दिवा तिने बाहेरून बंद केला आणि ते आत अंधारात राहिले. "मी मुद्दाम नाही हो करत, ताई," ती म्हणाली. तिला झोप नीट मिळत नसेल, असं मी समजावलं, आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही मनसोक्त शिव्या घातल्या. घरात माणसं किती, तीन. त्यातलं एक विसरतात म्हणजे कमाल झाली.

शेवटी मीच रजा काढली आणि बाबांना दवाखान्यात नेलं. नंबर लावला आणि बसलो. आमच्यानंतर आलेले आत जाऊन, डोळ्यांत थेंब घालून, बाहेर येऊन निघूनही गेले. मी दोनदा उठून विचारलं. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, तुम्ही कुणासाठी थांबलाय? बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा हात काउंटरवर होता. मी आवाज चढवला तेव्हा ती दचकली आणि शंभर वेळा माफी मागायला लागली. आत डॉक्टरांनी तरी काय करावं? नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाले, हनुवटी इथे टेका. बाबा खुर्चीमागे उभे राहून ओशाळं हसत होते. तपासणी झाली एकदाची, पण बाहेर पडेपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

तिथली लिफ्ट जुनी होती. मी आधी आत गेले, ती दबली. मागून बाबा आले.

ती दबली नाही.

माझा विश्वास बसेना. मी दार धरून ठेवलं आणि म्हटलं, बाबा, जरा बाहेर या. आता आत या. पुन्हा एकदा. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, तीनदा आतबाहेर केलं. माझ्या तळव्यांना काहीच लागलं नाही. मग एक पार्सलवाला धावत आला, खांद्यावर लहानसं खोकं. त्याचा पाय पडला आणि लिफ्ट बसली, नेहमीसारखी.

त्याने दार लावलं. बाबा कोपऱ्यात होते. पार्सलवाल्याने खोकं खाली ठेवलं ते थेट त्यांच्या पायांवर. बाबांनी पाय हळूच काढून घेतले.

घरी गेल्या गेल्या मी धाकट्याच्या हातातला रिमोट हिसकावला आणि लिफ्ट एकेका मजल्यावर नेत गेले. चौथ्या मजल्यावर कुणी नव्हतं. मी दार उघडलं. आत कुणी आलं नाही. लिफ्ट दबली.

मी ती तळमजल्यावर आणली, दार उघडून ठेवलं. माणूस उतरला की दोर सैल होतात आणि लिफ्ट केसभर वर येते. ती आली नाही. पहिल्यावर नेली, दुसऱ्यावर नेली, अगदी वर गच्चीपर्यंत नेली. कुठेच आली नाही. धाकटा मागून सांगत होता की ही चूक नाही, हीच तर या गेमची गंमत आहे, पण लोकांना तेवढा धीर नसतो. मी म्हटलं, जरा गप्प बसशील?

बाबा मधल्या पडद्याजवळ उभे होते.

"तो उतरणार नाही," ते म्हणाले. "त्याला कुठे जायचंय, ते कुणी विचारलंच नाही."

 मी रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला कुठे जायचंय?  ते म्हणाले, तुझ्याकडे जागा असेल तर बघ.

मी त्यांचे कपडे पिशवीत भरले. कॅसेट ओढून काढली आणि तीही पिशवीत टाकली. धाकटा कॅसेटसाठी कळवळला. दाराशी आल्यावर म्हणाला, रिक्षा मिळेल ना एकटीला?

मी त्याला तिथेच झापणार होते. पण बाबांनी माझा हात दाबला.

आठवड्याने धाकट्याच्या लेखात खोलीचा फोटो दिसला. मधला पडदा गेला होता आणि पलीकडेही फळ्या लागल्या होत्या. खाली लिहिलं होतं, एक खोली उगाच रिकामी पडली होती. मी फोन करून त्याला नाही नाही ते बोलले. ती खोली कुणाची होती, आठवतं का?  मग त्याचा अगदी लहानपणीसारखा आवाज आला, अगं हो.

बाबा माझ्याकडे सुखात होते. मी काळजी घेत होते. इतरांचं बघून शहाणी झाले होते ना. ताटं घेताना त्यांचं आधी घ्यायचं. कामावरून दुपारी फोन करायचा. बाहेर पडलो की त्यांचा हात सोडायचा नाही. लोक त्यांच्या अंगावर येऊन आपटत आणि मी लोकांवर ओरडत असे. ती कॅसेट मी माझ्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी टाकली होती. माझ्याकडे तो गेम खेळायचं यंत्रच नाही. माणसाकडे लक्ष द्यायला असं लागतं तरी काय? हे मी भावजयीला दोनदा ऐकवलं. 

मग बाहेरगावच्या एका हॉस्पिटलची लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकायला लागली, आणि मला बोलावणं आलं. मी बॅग भरली. गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि सवयीने ओढून पाहिलं.

काम चिवट निघालं, मुक्काम पडला. लिफ्ट शेवटी सरळ चालायला लागली तेव्हा तिथल्या नर्सने चहा आणून दिला. गप्पा मारताना तिने विचारलं, घरी कोण कोण असतं.

मी म्हटलं, मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. जिना चढताना माझ्या डोक्यात धुवायचे कपडे होते. कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं.

आत, दाराला अगदी लागून, बाबा उभे होते. बाहेरचे कपडे, पायांत चपला. ओठ कोरडे पडले होते. ते कधीपासून तसे उभे होते, मला विचारवलं नाही.

त्यांनी तक्रार केली नाही. मला वाट द्यायला ते एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. मग बाजूला, भिंतीला पाठ लागेपर्यंत, पोट आत ओढून, माझ्या मागून येणाऱ्यांनाही जागा होईल इतके.

मी वळून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

तरी मी दार लावलं नाही. आले सगळे, अशी बाबांनी मान हलवेपर्यंत ते तसंच धरून उभी राहिले.