शून्य आलं, डोस द्या

खोटं वाटेल, पण हे घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही. गुरुवारी, भर दुपारी पावणेचारच्या सुमाराला, हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आकडेवारी विभागात.

तिथे एक सहा फुटी प्रोग्रॅमर होता. सगळे त्याला बारक्या म्हणायचे.

एका नव्या औषधाचा डोस तिथलं सॉफ्टवेअर ठरवायचं. त्यातली किचकट समीकरणं सोडवायला एक जुनी लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, होती. कम्पाइल केलेल्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवलेल्या, कोडमधून तिला बोलवायचं आणि रुग्णांचा तक्ता हवाली करायचा. ती उत्तर द्यायची, सोबत एक आकडा. शून्य आला तर सगळं ठीक. दुसरा कुठलाही आला तर तक्त्याच्या त्या क्रमांकाच्या ओळीवर गणित फसलं, उत्तर टाकून द्यायचं.

लायब्ररीला बोलावणारा हा कोड काकूंचा. काकू म्हणजे विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई. चष्मा कपाळावर, तोंडात एकच पालुपद: "शून्य बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही रे!"

वर्षापूर्वी साहेबांसमोर प्रात्यक्षिक होतं आणि शून्य काही केल्या येईना. बारक्याने काय करावं? लायब्ररीला बोलावल्यावर लगेच खाली एक ओळ घुसडली: आकडा बरोबर शून्य. आत काहीही होवो, बाहेर शून्यच दिसणार. तेही काकू जेवायला गेल्या असताना, त्यांच्या मशीनवरून.

मग ती ओळ काढायची राहून गेली.

दोन रुग्ण मरता मरता वाचले. चौकशीत ती ओळ सापडली, काढून टाकली; बदलांची नोंद पाहिली, तर नाव काकूंचं. बारक्याने हात झटकले. काकू बिचाऱ्या ओरडून ओरडून सांगत होत्या. कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली, आणि चार महिन्यांत काकूही गेल्या.

त्या गुरुवारी तक्त्यात एकतिसाव्या ओळीवर बारक्याचे वडील होते.

वॉर्डातून सिस्टरचा फोन आला. "दादा, चारला बाबांचा डोस आहे. चुकवून चालणार नाही हं."

"पाच मिनिटांत सांगतो."

त्याने प्रोग्रॅम चालवला.

एकतीस.

तक्ता तपासला. ठीक होता. पुन्हा चालवला.

एकतीस...

बाकीचे सगळे मीटिंगला गेले होते. खोलीत तो एकटाच. आणि पाठीमागून आवाज आला...

टक... टक... टक...

कुणीतरी सावकाश टाइप करत होतं.

त्याने वळून पाहिलं. काकूंचं टेबल. मशीन कधीच उचलून नेलेलं. कीबोर्डसुद्धा नव्हता.

टक...

बारक्या खुर्ची ढकलून उठला. "काकू," तो कसाबसा बोलला, "ती ओळ मी लिहिली होती. घाबरलो होतो हो. मला काय करायचं ते करा, पण बाबांना मध्ये आणू नका."

आवाज थांबला...

त्याने सगळं पुन्हा कम्पाइल केलं आणि चालवलं.

शून्य.

त्याला रडूच फुटलं. काकूंनी माफ केलं होतं! त्याने वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, शून्य आलं. आलेलं उत्तर पाठवलंय. डोस द्या."

फोन ठेवला आणि सहज म्हणून कोड उघडला.

लायब्ररीला जिथे बोलावलं होतं, तिथेच खाली एक ओळ होती...

आकडा बरोबर शून्य.

त्याने पुन्हा फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला... अखेर सिस्टरने उचलला.

"दिला की, दादा. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी वडील गेले.

साहेबांनी नोंद काढली. ओळ तीन बेचाळीसला लिहिलेली, बारक्याच्या मशीनवरून, बारक्याच्या नावाने. त्याने काकूंचं सगळं सांगितलं. वर्षापूर्वीचंही.

साहेबांनी नोंदीचा कागद त्याच्यासमोर सरकवला. मग म्हणाले, "मेलेल्या बाईवर ढकलतोस? अरे, तुझा बाप होता तो."

बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलंय. घाबरून त्यानेच तर पुन्हा तसं केलं नसेल? विचारलं की तो नाही म्हणतो, अगदी शपथेवर. पण हल्ली नाही म्हणायच्या आधी तो जरा थांबतो.