डॉक्टरीणबाईंचा जादा दिवा

उस्ताद दारात उभे राहिले तेव्हा मास्तर आपल्या नव्या चित्रावर शेवटचा हात फिरवत होते आणि अक्कांचा चहा निवत होता.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. विमा कंपनीसाठी अपघातांच्या चौकश्या करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी चौकश्या घेत. चित्रकलेचे मास्तरही निवृत्तच. ते अक्कांसोबत जायचे ते नकाशे काढायला आणि, अक्कांच्या मते, चुकीचे तर्क आधी संपवून टाकायला.

उस्ताद हे बाजारातले सगळ्यात जुने मोटार-इलेक्ट्रिशियन. हात काळे, सदरा स्वच्छ. त्यांनी बिस्किटांचा एक जुना डबा टेबलावर ठेवला.

"अक्का, एक चौकशी करायची आहे."

"कुणाची?"

"माझी."

अक्कांनी कप बाजूला सारला.

"सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या गाडीला धुक्यासाठी एक जादा दिवा बसवला," उस्ताद म्हणाले. "काल, गुरुवारी पहाटे, डोंगराच्या वळणावर त्या दिव्याची वायर पेटली. गाडीतले सगळेच दिवे गेले. पुढे दोन हातांवर दरी. बाई वाचल्या ते नशीब. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, जळकी वायर तेवढी पाठवून दिली. गाडीसमोर जायचा मला धीर झाला नाही. माझ्या हातून चूक झाली असेल तर दुकानाला आजच कुलूप. नसेल, तर डोळे मिटेपर्यंत उघडं. काय ते एकदा सांगा."

अक्कांनी डबा उघडला. आत दोन वायरींची वेटोळी होती, एक लाल, एक काळी. लाल वायर मधोमध कोळसा झाली होती आणि दोन्हींची टोकं कापलेली होती.

"वायर तुमचीच?"

उस्तादांनी डब्यात नीट पाहिलं. "माझीच. दुसऱ्या कुणाची असणार? फक्त फ्यूज का उडाला नाही ते कळत नाही. मी तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावतो. राखणदार दारात हवा, स्वयंपाकघरात नाही."

निघताना ते चित्रापाशी थांबले. "झाड झकास उतरलंय, मास्तर. फुलं कधी काढणार?"

हिरव्यागार पानांत लाल फुलं नुसती लगडली होती. मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"म्हणजे तीन दिवस मी काय गवत कापत होतो?" उस्ताद गेल्यावर ते फणकारले.

अक्का हसल्या नाहीत. त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. बहिणीला आपली कदर आहे, असं मास्तरांना वाटलं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. दवाखान्यामागच्या शेडमध्ये त्यांनी बॉनेट उघडून दिलं.

"एका बाळंतिणीकडे निघाले होते. धूर आला, काळोख झाला, मी ब्रेक दाबला. खाली उतरून बॅटरीची वायर उपटली आणि बॅगेतल्या कात्रीनं ही दोन्हीकडून कापली. पुढे दीड मैल चालत गेले. मुलगी झाली."

"सोमवारनंतर गाडी कुणी उघडली?"

"बुधवारी हॉर्न बंद पडला म्हणून उस्तादांच्या दुकानासमोरच्या शेठकडे नेली होती. दुकानात दुसरी गाडी नव्हती, तरी हॉर्नला तीन तास! मी तिथली सगळी मासिकं वाचून काढली. पावतीवर मात्र फक्त हॉर्न."

अक्का वाकल्या. इंजिन आणि गाडीची आतली बाजू यांच्यामध्ये लोखंडी पत्रा असतो. त्यात दोन भोकं होती. एकात नवंकोरं रबरी कडं बसवलेलं, पण त्यातून काहीच गेलेलं नव्हतं. दुसरं जरा मोठं, बिनरबराचं. त्याची कड धारदार होती आणि भोवती काजळी धरली होती.

"याचं चित्र काढ," त्या मास्तरांना म्हणाल्या, आणि त्यांनी दिव्यापाशी उरलेलं वायरचं टोक बोटांनी चाचपलं. लाल आणि काळी, दोन्ही सरळ, गुळगुळीत. मग त्यांनी आत स्टिअरिंगखाली हात घातला. स्विचजवळ काचेचा फ्यूज होता. शाबूत.

उस्तादांचं दुकान दोन माणसं फिरतील एवढंच. उस्ताद जेवायला गेले होते आणि त्यांची लेक राखण करत होती.

"तुम्हीच समजवा त्यांना," ती म्हणाली. "सत्तरी झाली. माझ्याकडे त्यांची खोली तयार आहे. आई होती तोवर ठीक होतं. रोज इथे समोर बसून त्यांच्या हातात एकेक वायर द्यायची. आम्ही चिडवायचो, हिला घरी करमत नाही म्हणून. शेवटी आजारपणात दोघं काहीतरी गाठी मारत बसायची. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण गाठींचं खूळ राहिलंय."

अक्कांनी बाकावरची तयार जोडणी उचलली. एका वायरच्या टोकाला एक गाठ, दुसरीच्या टोकाला दोन.

मास्तर भिंतीकडे बघत होते. खुंट्यांवर वायरची वेटोळी टांगलेली होती, आणि सगळीच्या सगळी काळी.

"बायको गेली आणि माणसाचा रंगच उडाला बघ," बाहेर आल्यावर ते गहिवरून म्हणाले. मास्तरांनाही दिवंगत बायकोची याद आली होती; शाळेतून आल्यावर त्यांच्या बोटांवरचा रंग ती रॉकेलनं पुसायची. थोडं चालल्यावर त्यांना कामाची आठवण झाली. "पण दुकान बंद व्हावं असं लेकीलाच वाटतंय, नाही का?"

"वाटतंय खरं," अक्का म्हणाल्या. "झाला तुझा पहिला तर्क."

शेठच्या दुकानाला काचेचं दार होतं. आत प्रत्येक रंगाची वायर होती आणि मास्तरांना आपल्या रंगपेटीत शिरल्यासारखं वाटलं. शेठ चाळिशीचा, अंगानं आडवा. अक्कांना बघून तो उठून उभा राहिला.

"उस्तादांकडे बारा वर्षं काढली मी. अक्षर नंतर शिकलो, वायर आधी."

"हॉर्नला तीन तास लागले?"

"गर्दी होती."

"त्या दिव्याला हात लावलात?"

"उस्तादांच्या कामाला मी हात लावणार?" तो म्हणाला, पण अक्कांच्या डोळ्यांत न बघता. मग हळूच विचारलं, "दुकान बंद करणार म्हणतात, ते खरं?"

"उद्या दुपारी चारला तिथे या. कळेल."

रस्त्यावर येताच मास्तरांनी मुठी वळल्या. "हाच! उस्तादांची गिऱ्हाइकं पळवायला केलं सगळं."

"गिऱ्हाईक पळवणारा माणूस तीन तासांचं काम लपवत नाही. वाजवून सांगतो," अक्का म्हणाल्या. "झाला दुसरा."

दुसऱ्या दिवशी त्या चिमुकल्या दुकानात डॉक्टरीणबाई, लेक, शेठ आणि मास्तर कसेबसे मावले. उस्ताद बाकाशी उभे होते. कुलूप आणि किल्ली त्यांनी समोरच काढून ठेवली होती.

"ते आत ठेवा," अक्का म्हणाल्या. "जळली ती वायर तुमची नव्हती."

"मग कुणाची?" उस्तादांनी विचारलं.

"उस्ताद वायर पत्र्यातून नेताना भोकाला रबरी कडं लावतात. ते गाडीत आहे, नवंकोरं, पण रिकामं. जळलेली वायर शेजारच्या उघड्या भोकातून गेली होती. का? ती जाडी होती, कड्यातून जाईना. इंजिनाच्या थरथरीनं पत्र्याची धार तिला घासत राहिली आणि आतली तार लोखंडाला टेकली. आता फ्यूज. उस्ताद तो बॅटरीजवळ लावतात. गाडीत तो स्विचजवळ मिळाला, म्हणजे घासल्या जागेच्या पलीकडे. चोर अंगणात आणि राखणदार स्वयंपाकघरात. उडणार कसा?"

"दोन झाले. आणखी काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बोटांवर मोजायची त्यांची सवय असावी.

"उस्तादांच्या प्रत्येक वायरच्या टोकाला गाठ असते. तुमच्या दिव्यापाशी उरलेल्या टोकांना एकही नव्हती. म्हणजे सोमवारनंतर कुणीतरी सगळी वायर काढून नवी घातली. त्याला वेळ लागतो. तीन तास तरी. आणि सोमवारनंतर बॉनेट एकदाच उघडलं. दुकानात दुसरी गाडी नसताना तिथे गर्दी होती म्हणे."

सगळ्यांच्या नजरा शेठकडे वळल्या. तो लपला नाही.

"मीच घातली," तो म्हणाला. "हॉर्नसाठी बॉनेट उघडलं, तर उस्तादांची वायर दिसली. करंटची वायर काळी, अर्थिंगचीही काळी! मला वाटलं, उस्ताद थकले. चुकायला लागले. उद्या दुसऱ्या कुणा मेकॅनिकनं हे बघितलं तर बाजारात हसं होईल. म्हणून मी लाल-काळी घातली. सांगितलं कुणालाच नाही. बाई बाहेर खोळंबल्या होत्या, घाई झाली, कडं राहिलं, फ्यूजही सोपं पडलं म्हणून स्विचजवळच लावला. आग लागल्यावर बोलायची हिंमत झाली नाही. दोन दिवस जेवलेलो नाही, उस्ताद."

"तू मला विचारलं का नाहीस रे?"

"कसं विचारू? लाल म्हणजे करंट हे तुम्हीच शिकवलंत. तुम्हालाच विसर पडलाय, हे तुमच्या तोंडावर कसं बोलू?"

उस्तादांनी डबा पुढे ओढून आत पाहिलं. मग खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिलं.

मास्तरांना आता एक साधी गोष्ट खटकली. शुक्रवारी हाच डबा बघून उस्ताद म्हणाले होते, वायर माझीच. पण यांच्या दुकानात तर लाल वायरच नाही! ते तोंड उघडणार, तोच अक्कांनी त्यांचा पाय दाबला.

"माझं काम झालं," अक्का घाईनं म्हणाल्या. "उस्तादांच्या हातून चूक झालेली नाही. ते एकाच रंगाची वायर का वापरतात, हा त्यांचा प्रश्न."

त्यामागचं कारण अक्कांना ठाऊक होतं आणि ते न सांगताच त्या निघून जाणार होत्या, हे मास्तरांना कळलं. बहिणीबद्दल त्यांना एवढा अभिमान फार दिवसांत वाटला नव्हता.

पण उस्तादांनीच मान वर केली.

"मास्तर, तुमच्या झाडाला फुलं होती का हो?"

"होती," मास्तर हळूच म्हणाले. "लाल."

"हं." ते बाकावर बसले. "मला लाल कधी दिसलंच नाही. जन्मापासून. लाल, गर्द हिरवं आणि काळं माझ्या लेखी एकच. लग्नानंतर महिनाभरात हिच्या ते लक्षात आलं. इलेक्ट्रिशियनला रंग कळत नाहीत म्हटलं तर कोण काम देणार? मग ही रोज इथे येऊन बसायला लागली. हातात वायर देताना बोलायची, हा करंट, हा अर्थ. चाळीस वर्षं. लोकांना वाटायचं, आमचं फार प्रेम."

"होतंच की, बाबा," लेक म्हणाली.

"होतं ना. शेवटच्या आजारपणात तिनं गाठी शोधून काढल्या. करंटला एक. अर्थला, म्हणजे जमिनीला, दोन, कारण माणसाचे दोन पाय जमिनीवर असतात. म्हणाली, आता माझ्याशिवाय जमेल तुम्हाला." त्यांनी डोळे पुसले. "तिनं चाळीस वर्षं झाकलं, आणि मी पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो. रागावली असती."

"नाही रागावली असती," लेक म्हणाली. ती उघड रडत होती. "एवढं एकटीनं सांभाळलं तिनं. मला तरी सांगायचं होतं. आम्ही चिडवत राहिलो तिला."

शेठ खाली मान घालून उभा होता. उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच, आणि मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. आता त्यांचा आवाज दुकानदाराचा होता.

"बाई, आता तुम्हाला सगळं कळलं. दिवा कुणाकडून बसवायचा ते तुम्ही ठरवा. दुसरीकडे गेलात तर मला राग नाही."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं.

"उद्या पहाटे मला डोंगरापलीकडे जायचंय. किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"बसते," त्या म्हणाल्या, आणि गाडीची किल्ली त्यांनी उस्तादांच्या हातावर ठेवली.