होय, दार मीच काढलं!

“माफी माग तिची! सगळ्यांसमोर, आत्ता! नाहीतर माझी भाची आज माझ्याबरोबर माझ्या घरी येणार!”

आत्याबाईंचा आवाज पुनर्वसन केंद्राच्या त्या छोट्याशा खोलीत असा घुमला, की गोल मांडलेल्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या... एकच मान ताठ राहिली. ती होती भिंगरीच्या सावत्र आईची. भिंगरी तिला मावशी म्हणायची, म्हणून आपणही मावशीच म्हणू या; नातेवाइकांनी तिला जी नावं ठेवली होती, ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

भिंगरी म्हणजे घरातली सतरा वर्षांची लेक. एका जागी पाय ठरत नाही म्हणून बापानं कौतुकानं ठेवलेलं ते नाव, ती नशेच्या गोळ्यांच्या नादी लागल्यावर मात्र त्यालाच उच्चारवेना. आज तिचा केंद्रातला मुक्काम संपत होता आणि ती कुणाच्या घरी जाणार, हे याच बैठकीत ठरायचं होतं. आत्याबाईंनी गच्चीवरची खोली सजवून ठेवली होती... आतून कडी लावावी, कुणी हटकू नये, अशी स्वतंत्र खोली! ते ऐकल्यापासून मावशीला त्या कडीचीच धास्ती बसली होती.

“कसली माफी, वन्सं?” तिनं शांतपणे विचारलं.

“वर तोंड करून विचारतेस? माझा भाऊ टेम्पो घेऊन परगावी गेलेला, आणि मागे तू पोरीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून नेलंस! इतकं कौर्य शत्रूसुद्धा करत नाही! तेव्हापासूनच पोर बिथरली. तिच्या मनाला काय वाटलं असेल, मी सांगते ना...”

“आत्याबाई,” समुपदेशक बाईंनी हात वर केला, “इथला नियम विसरलात. दुसऱ्याच्या मनातलं आपण सांगायचं नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.”

हा नियम मावशी केंद्रात येण्याच्या आधीपासूनच पाळत आली होती... आणि तो पाळताना तिचं काळीज किती सोलून निघालं होतं, हे तिचं तिलाच ठाऊक! ती दुपार तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. बंद दारावर मारलेल्या हाका, आतली भयाण शांतता, लाथांनी फोडलेली दाराची खालची फळी, आणि फरशीवर निपचित पडलेलं ते लेकरू! दवाखान्यात डोळे उघडताच भिंगरीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. “बाबांना सांगू नकोस, मावशी... ते खचून जातील गं!” मावशीनं डॉक्टरांना आणि समुपदेशक बाईंना सारं सांगितलं, घरात मात्र अवाक्षर काढलं नाही. सुतारखान्यात काम करणारी बाई ती. नवरा परतायच्या आत तिनं ते फुटकं दार उतरवलं, सुतारखान्यात नेऊन ठेवलं, आणि “मला बंद दारं आवडत नाहीत,” एवढं एकच वाक्य बोलून सगळा दोष स्वतःच्या माथी घेतला.

“अगं, एकदा चुकलं म्हणून टाक ना,” शेजारच्या खुर्चीवरून नवरा पुटपुटला. “विषय तरी संपेल...”

आत्याबाईंच्या साऱ्या शिव्या तिनं पचवल्या होत्या, पण हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. ती ताडकन उठली.

“नाही म्हणणार! होय, दार मीच काढलं! पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन! घरातली सगळी काढीन, आणि वन्सं, वेळ पडली तर तुमच्या गच्चीवरचंही काढीन! हत्यारं माझी स्वतःची आहेत!”

“ऐकलंत? अगं पण का काढलंस, ते तरी सांग!”

“ते सांगायचं माझं नाही.”

इतका वेळ बाहीचा दोरा उसवत बसलेल्या भिंगरीनं मान वर केली.

“आत्या, मी तुझ्याकडे आले तर मला ओरडशील?”

“जन्मात नाही गं, राणी!”

“आणि दिवसभर कडी उघडली नाही तर?”

“मुळीच काही म्हणणार नाही! हवी तेवढी झोप काढ...”

“म्हणूनच मला तुझ्या घराची भीती वाटते.” ती बापाकडे वळली. “बाबा... तुम्ही परगावी होतात ना, तेव्हा मी कडी लावून घेतली होती... पुन्हा कधी उघडायचीच नाही म्हणून! मावशीनं दार फोडलं, म्हणून मी आज इथे बसलेय. गप्प राहा असं मीच तिला विनवलं होतं. तुम्ही सगळे तिला बोललात, आणि मी... मीसुद्धा तुमच्यात सामील झाले! कैदाशीण म्हणाले मी तिला!”

बापानं लेकीला पोटाशी धरलं आणि बायकोकडे पाहून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “एवढं सगळं एकटीनं सोसलंस... आणि मी तुलाच माफी मागायला लावत होतो!”

“मावशी,” भिंगरी डोळे पुसत म्हणाली, “दार परत लाव. आता मला ते उघडता येतं.”

मावशीनं समुपदेशक बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

“मग रडताय काय सगळे?” मावशीनं पदर खोचला. “टेम्पो काढा. दार घेऊनच घरी जाऊ. वन्सं, तुम्हीही चला. जड आहे ते, दुसऱ्या बाजूनं धरायला कुणीतरी हवं.”

आत्याबाई मुकाट्यानं उठल्या. घरी त्यांनी दार घट्ट धरून ठेवलं, मावशीनं बिजागऱ्या बसवल्या. आणि शेवटचा स्क्रू आवळला जाताना आत्याबाईंनी तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. फुटलेली खालची फळी मावशीनं केव्हाच बदलली होती आणि तडकलेली कड कापून साफ केली होती, त्यामुळे दाराखाली चांगली दोन बोटं फट राहिली होती.

“मी तुला आई म्हणणार नाही हं!” भिंगरी आत जात म्हणाली.

“कुणी सांगितलंय म्हणायला? कडी लाव, नीट बसते का बघ.”

कडी खट्टकन लागली. मावशी एक पाऊल पुढे सरकली... पण हात दारावर गेला नाही.

“मावशी, बाहेर उभी आहेस ना?”

“छे!”

“फटीतून पाय दिसतायत तुझे.”

“दिसू देत! मी हलणार नाही!”

आतली पावलं दाराशी आली. मग दाराच्या अगदी जवळून भिंगरीचा आवाज आला, “नकोच हलूस.”