अजून एक पान

निनावी पत्रं लिहिणारे मजकूर छापून काढतात, पाकिटाला हातमोजे घालून हात लावतात आणि मग निर्धास्त झोपतात. उंटावरचे शहाणे. माणूस त्याच्या मोठ्या शब्दांवरून ओळखू येत नाही. 'पण', 'तर', 'मग' असले बारके शब्द तो किती वापरतो, वाक्य कुठे तोडतो, आधी कारण सांगतो की आधी गोष्ट, यावरून तो सापडतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा पीळ मोजणं हा माझा धंदा. दुसऱ्या मजल्यावर दोन टेबलांची खोली, एक संगणक, आणि खाली चाव्या करून देणाऱ्याचं दुकान. दिवसभर पितळ घासल्याचा आवाज वर येत असतो.

संशयितांच्या लिखाणात मी नेहमी काही परक्या माणसांचं लिखाण मिसळते. तसं केलं नाही तर समोर ठेवलेल्यांपैकीच कुणाच्या तरी गळ्यात दोष पडतो, खरा लिहिणारा त्यात असो वा नसो. हे भरतीचे नमुने माझ्या घरचेच आहेत. मावशीची लांबलचक पत्रं, मामाचे तक्रारअर्ज, आणि ताईच्या मेल.

ताई गेली त्याला दोन वर्षं झाली. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिथे निनावी पत्रं फिरली की ही बाई नमुन्यांची अदलाबदल करते, लोकांना खोटे रिपोर्ट जातात. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त डबा खाताना तिच्या शेजारी बसणं बंद झालं. ताईने नोकरी सोडली, मग घराबाहेर पडणं, मग जेवण. एका सकाळी ती उठलीच नाही. पत्रं तिने आधीच जाळून टाकली होती. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते, तर म्हणाली, तू मोजत बसशील पिल्लू, आणि त्या माणसाला आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरशील. जगाचे लपलेले लेखक मी शोधून देते आणि माझ्या घरात घुसलेला मात्र सुटला. तो हाती सापडावा, एवढं एकच मला हवं होतं.

म्हणून त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम जेव्हा माझा जिना चढून आल्या, तेव्हा मी त्या गावचीच नाही असा चेहरा केला. ताईचं आडनाव सासरचं होतं, माझं माहेरचं. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

त्यांना निनावी पत्रं येत होती. कपाटातल्या कोटाच्या खिशात, गाडीच्या सीटवर, एकदा तर बंद घरात उशीखाली. मॅडमनी सगळ्या कर्मचाऱ्यांचे अर्ज आणि मेल आणल्या होत्या. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीवर त्यांचा संशय होता. संशय कसला, निकालच लागलेला होता. माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता, म्हणजे तिला हाकलता आलं असतं.

पत्रांत शिवीगाळ नव्हती. 'आज तुम्ही नव्या यंत्राजवळ उभ्या होतात आणि मान खाजवत होतात, म्हणून आठवण झाली,' असलं काहीतरी.

मी मोजणी लावली. मुलगी दूर राहिली, बाकीचे कर्मचारीही. जुळणी आली ती ताईची.

मी आधी स्वतःलाच शिव्या दिल्या. फायली उलटसुलट झाल्या असतील. ताईच्या दुसऱ्या मेल घेतल्या, कॉलेजातला निबंध घेतला. तेच. नक्कल करणारा मोठे शब्द उचलतो, बारके त्याच्या हाती लागत नाहीत. इथे बारके शब्दच ताईचे होते. आधी कारण, मग गोष्ट. आणि ते नवं यंत्र त्याच आठवड्यात आलं होतं.

मॅडमना मी सांगितलं की मुलगी निर्दोष आहे, पुढचं पत्र आलं की आणा. त्यांचं तोंड आंबट झालं.

पुढचं पत्र लांब होतं. वर दोनच वाक्यं ताईच्या वळणाची होती. 'माझ्या बहिणीला मोजायला काहीतरी लागतं. म्हणून हे तुम्हीच लिहिलेलं तुम्हाला परत देते.' त्याखाली ताईने मला एकदाच वाचून दाखवलेलं, मग जळून राख झालेलं पहिलं पत्र, अक्षरन् अक्षर.

"ही बहीण कोण, काही कल्पना?" मी विचारलं.

"वेड्यांचा बाजार आहे सगळा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या जुन्या पत्रात 'वास्तविक पाहता' होतं, 'सगळेच म्हणतात' होतं, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेली बंदूक ओळीओळीत होती. मी मॅडमना म्हणाले की तुमचं नाव यादीतून काढायचं तर तुमचंही लिखाण लागेल. काल दिवसभर काय केलं, ते एक पानभर लिहा. त्यांनी माझ्यासमोर बसून लिहिलं. वास्तविक पाहता काल फारसं काम नव्हतं, असं पहिलंच वाक्य.

जुळणी इतकी स्वच्छ होती की मी संगणक बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला त्या बाईचा गळा धरायचा होता. तिने आपल्या खुर्चीसाठी ताईला, आपल्याहून हुशार म्हणून, मुंगीसारखं चिरडलं होतं. पण अशा कामात पडताळा घेतल्याशिवाय बोलायचं नसतं. मी फोन केला आणि अजून एक पान मागितलं.

दुसरं पान मॅडमपासून थोडं सरकलेलं होतं. मला वाटलं, थकली असेल बाई. तिसऱ्यात 'सगळेच म्हणतात' एकदाही नव्हतं. चौथं मी मोजण्याआधी नुसतं वाचलं आणि मोजायचं राहूनच गेलं. 'ऊन फार होतं, म्हणून खिडकी लावली.' आधी कारण.

मग मला कळलं की मी पानापानाने कुणाला बोलावते आहे.

मॅडम आल्या तेव्हा वाळल्या होत्या. पत्रं थांबली होती, सुंठीवाचून खोकला गेला होता, आता हे काम बंद करू, असं त्या म्हणत होत्या. पण पर्स उघडून पुन्हा बंद करत होत्या, उठत नव्हत्या.

"लिहिताना मला काही होत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "लिहून झालं की होतं. नवरा हाक मारतो, ते नाव माझं आहे हे आठवावं लागतं. तुम्ही सांगा, थांबवू ना?"

खाली पितळ घासलं जात होतं. मी थांबवा म्हटलं असतं तर ती बाई वाचली असती. ताईच्या शेजारी रिकामी राहिलेली खुर्ची मला दिसली.

"अजून एक पान लागेल," मी म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला.

तिने पेन उचललं. बराच वेळ लिहीत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हता. मग पाणीही थांबलं. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. मग जिना उतरून गेली.

ते पान मी मोजलं. त्यात मॅडम कुठेच नव्हत्या.

आठवड्याने तिच्या नवऱ्याचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता. बायको घराला परकं म्हणते, सारखी बहिणीकडे पोचवा म्हणते. डॉक्टर झाले, सगळं झालं.

"आणि तिला बहीणच नाही हो," तो म्हणाला. "तुमचा पत्ता सांगते."

"आणा इकडे," मी म्हणाले.

मी गादीवर धुतलेली चादर घातली. ती आली तेव्हा चेहरा त्या बाईचाच होता, माझ्या घरात तो दिसला की अजूनही मी नजर वळवते. पण आत पाऊल टाकल्याटाकल्या तिने माझ्या दंडाला धरलं, किती वाळलीस गं पिल्लू, म्हणाली, आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आता दोघी आहोत. ती जेवते. झोपते. संध्याकाळी फिरून येते.

आज सकाळी दाराखालून एक पाकीट आत आलं. जिन्यात कुणी नव्हतं. आत छापलेली एकच ओळ होती, खाली नाव नाही.

'मला घरी जायचं आहे.'

मी ती पुन्हा वाचली. एका ओळीवरून लिहिणारा सांगता येत नाही. कुठल्याही कोर्टात मी हेच सांगेन.

"कुणाचं पत्र गं?" ताईने आतून विचारलं.

"कुणाचं नाही," मी म्हणाले, आणि कागद फाडला.