निबवरचं नाव

"हात काढा आधी!"

ती इतक्या जोरात ओरडली की त्याच्या हातातलं टोपण काचेच्या पेटीवर टणकन पडलं.

मामांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पेनांचा विभाग तिच्याकडे होता. कुठलं पेन कुणी घडवलं ते शोधायचं आणि तशी चिठ्ठी लिहून लावायची, हे तिचं काम. आणि हा कोण कुठला, आल्या आल्या पेन उघडून बसलेला!

"चोर नाही हो मी. पेनं दुरुस्त करतो, पलीकडच्या गल्लीत. तुमच्या मामांनीच बोलावलंय."

"मग हात धुऊन यायचं!"

त्याने स्वतःची बोटं पाहिली. दुसऱ्या पेरापर्यंत निळी. "सात वर्षं धुतोय... जातच नाही."

तिला हसू फुटत होतं. तिने ते गिळलं.

पेन काळ्या रबराचं होतं आणि त्यावर वेलपानांची चांदीची कोरीव जाळी चढवलेली. निबवर एका बड्या कंपनीचं नाव. मामांनी ते विकत घेणाऱ्या एका डॉक्टरांना "कंपनीचंच आहे" असा शब्दही देऊन टाकला होता.

"कंपनीचंच वाटतंय," तो म्हणाला.

"निब कुणीही बदलतं. ही जाळी बघा. प्रत्येक पान वेगळं आहे. कंपनीची जाळी साच्यातली, एकसारखी असते. ही हाताने कापलीय."

"सिद्ध करा."

"करतेच!"

पुढच्या तीन दुपारी ती पेन घेऊन त्याच्या दुकानात गेली. खिडकीखालचं टेबल एवढंसं की भिंगावर दोन डोकी वाकली की कपाळाला कपाळ लागायचं. पहिल्या दिवशी दोघं झटकन मागे सरकली. दुसऱ्या दिवशी... जरा उशिरा. तिसऱ्या दिवशी तो टोपणाच्या कडेवरचा काळा थर मऊ कापडाने पुसत होता आणि ती श्वास रोखून बघत होती.

"श्वास घ्या. पेन उडून जाणार नाही."

"गप्प बसा... थांबा! तिथे!"

अर्धवट झिजलेला ठसा. दोन अक्षरं, मध्ये एक पान. जुन्या कारागिरांच्या यादीत तिला तो सापडला. दोन बहिणी होत्या. साधी पेनं विकत घेऊन त्यांना चांदीने मढवायच्या. त्यांच्याबद्दल यादीत एवढी एकच ओळ होती.

"हरलो," तो म्हणाला. हरलेल्या माणसाने इतकं छान हसू नये, असं तिला वाटून गेलं.

मामांना मात्र यातलं काही नको होतं. "त्या बहिणींना ओळखतं कोण? कंपनीचं नाव लिही. उद्या डॉक्टर येताहेत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मामांनी त्यालाही बोलावलं होतं. "हे जाणकार आहेत. आपल्या दुकानाचं सगळं दुरुस्तीकाम यापुढे यांच्याकडेच," मामा त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले. "सांगा हो, पेन कंपनीचंच ना?"

त्याने तोंड उघडायच्या आत ती पुढे झाली. "नाही. दोन बहिणींनी घडवलंय. माझ्या हातून त्यांचं नाव पुसलं जाणार नाही, मामा. तुम्ही रागवा, नाहीतर काढून टाका."

मामांचा चेहरा लालबुंद. तिने नजर खाली घेतली नाही.

"ती बरोबर सांगतेय," तो शांतपणे म्हणाला. "मी चुकलो होतो. तिने मला दाखवून दिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला कंपनीचंच हवं होतं," म्हणाले आणि निघून गेले. मामांनी दाराकडे बोट केलं. "चालती हो. दोघंही!"

ती पर्स उचलून तरातरा निघाली. तो जवळजवळ पळतच मागे.

"अगं, हळू! कुठे निघालीस?"

ती गर्रकन वळली. तो 'अगं' म्हणाला होता...

"तुझ्या दुकानात. मला तिथे टेबल हवंय. नोकर म्हणून नाही, बरोबरीने. पाटीवर माझंही नाव, तुझ्याएवढ्याच अक्षरांत."

"बरं... आणि मला एक विचारायचं—"

"मध्ये बोलू नकोस! ते मी विचारणार आहे." ती भर रस्त्यात उभी, गाल तापलेले, हनुवटी वर. "आवडतोस तू मला. लग्न करशील?"

फळवाली तोलता तोलता थांबली. त्याने आपला निळा हात पुढे केला.

"आता बोलू?"

"फक्त हो म्हण."

"हो."